एका दाराच्या वाट्याला दहा सेकंद

आमच्या घरात मला आवाज चढवायची सोय नाही. मी जरा जोरात "अहो" म्हटलं की हे कचऱ्याची बादली घेऊन दारात येतात आणि गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "ओला वेगळा द्यायचा ना?" लग्नाला एकतीस वर्षं झाली. पहिली वीस वर्षं मी हाक मारली की निदान ओ तरी यायची.

त्याचं कारण असं, की आमच्या गावाच्या घंटागाडीवर नऊ वर्षं माझा आवाज वाजत होता. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं, नदीकाठचं तालुक्याचं गाव आहे आमचं. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. तिथल्या नगरपालिकेत मी लिपिक. आधी गाडीवर कुठल्या तरी पुरुषाचा विकतचा आवाज होता. तो इतका खर्जातला होता, की बायका म्हणायच्या, कचरा मागतोय की मुलगी मागतोय ते कळत नाही. मग त्या वेळच्या मुख्याधिकाऱ्यांना आठवलं, की प्रजासत्ताक दिनाचं सूत्रसंचालन मी करते. अभिलेख कक्षात पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घुमू नये म्हणून डोक्यावर गोधडी. खानदेशातला मे महिना. त्या गोधडीखालून मी गावाला सुप्रभात म्हटलं. ते सुप्रभात पुढं नऊ वर्षं टिकलं.

आवाज फुकटचा आणि हाताशी असलेला. त्यामुळे पुढं सगळ्याच सूचना माझ्याच गळ्यात आल्या. पाणी एक दिवसाआड येणार, डासांची फवारणी, मोकाट डुकरं, पल्स पोलिओ. आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलाला आपत्तीचं टेबल कोणी तरी जोडून दिलं, तेव्हा पूरही.

हे काम बाहेरच्यांना वाटतं तेवढं मोठं नाही. वर धरण आहे. पाणी सोडायचं झालं की तिथून फोन येतो. ते क्युसेकमध्ये बोलतात. तो आकडा आम्ही सरकारी मराठीत बसवतो, साहेब मान डोलावतात, मग ती सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, दवंडीच्या रिक्षावर जाते, घंटागाडीवर जाते. साचा ठरलेला. आधी "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की", मग कोणत्या कार्यालयाकडून, मग कशामुळे, मग किती, मग काय करावे आणि शेवटी विनंती. कागदावर शोभतं. शेवट विनंतीनं झाला नाही तर मला स्वतःलाच उद्धट वाटायचं.

या साच्याला पहिला धक्का देणारा माणूस म्हणजे नदीच्या खालच्या गल्लीतले नाना. सत्तरी ओलांडलेले, पूर्वी सूतगिरणीत होते. दर पावसाळ्यात सूचना निघाली, की अर्ध्या तासात त्यांचा कार्यालयाच्या फोनवर फोन.

"ताई, क्युसेक म्हनजे कितल्या पायऱ्या?"

नदीवर महादेवाचं देऊळ आहे आणि देवळाला पात्रातून वर येणाऱ्या एकवीस पायऱ्या. खालची गल्ली नदीला पायऱ्यांनीच मोजते. सातवी बुडाली तर कपडे वर नेऊन धुवायचे, अकरावी बुडाली तर गुरं सोडायची, पंधरावी म्हणजे आपण निघायचं.

"नाना, ते पाटबंधारेवाल्यांना माहीत असतं."

"त्यासले इचारं मी. त्या म्हनतस, नगरपालिकाले इचारा."

मी हसायची. हा किस्सा घरी जेवताना सांगायची, सगळे हसायचे. नानांचा प्रश्न मला वर्षानुवर्षं विनोद म्हणूनच कळला.

मग कोरोना आला. त्या दिवसांत गल्लीतून फिरणारं वाहन म्हणजे रुग्णवाहिका आणि घंटागाडी, आणि दोन्हींपैकी बोलणारी एकच. घराबाहेर पडू नये, गर्दी करू नये, अमुक गल्ली बंद करण्यात आली आहे. सकाळ-संध्याकाळ माझा आवाज. पहिला महिना लोक खिडकीत येऊन ऐकायचे. दुसऱ्या महिन्यात खिडकी लावून घ्यायचे. तिसऱ्यात खिडकी उघडी ठेवूनच ऐकायचे नाहीत. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, असं म्हणतात. मी एका अख्ख्या गावाला कान मिटायला शिकवलं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी माझं काम वेळेवर करत होते.

त्यानंतरचा श्रावण. कानबाईचा सोमवार.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सुरत, पुणे, नाशिक, जिथं म्हणून भाऊबंद पांगलेत तिथून सगळे घरी येतात. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत नदीवर नेऊन निरोप देतात. त्या सोमवारी सकाळी सात वाजता अख्खी खालची गल्ली नदीत उभी होती. पाणी घोट्याएवढं. आभाळ धुतल्यासारखं निळं. आमच्या गावात आठ दिवसांत थेंब नव्हता.

साडेआठला धरणावरून फोन आला. वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता, पाणी आवरत नव्हतं, दरवाजे उघडावे लागत होते. आमच्यापर्यंत यायला दीड तास, फार तर दोन.

दवंडीची रिक्षा दुरुस्तीला गेलेली. हातात धरायचा माईक आदल्या दिवशी कोणी तरी कार्यक्रमाला नेलेला. हाताशी चार घंटागाड्या आणि मी. चार ठिकाणी एक तोंड कसं जाणार? मी मोबाइलवर सूचना रेकॉर्ड केली. घाई होती, तरी साचा सुटला नाही. सर्व नागरिकांपासून विनंतीपर्यंत, पन्नास सेकंद. चारही गाड्यांवर चढवली. चालकांना सांगितलं, आज कचरा घ्यायचा नाही, कुठं थांबायचं नाही, जास्तीत जास्त गल्ल्या करा. खालच्या गल्लीत भिकनभाऊंना पाठवलं, कारण आमच्याकडचे सगळ्यात भरवशाचे चालक तेच.

आता त्या गल्लीची सकाळ डोळ्यांपुढं आणा. घरोघर पाहुणे येऊन गेलेले, पत्रावळी, नारळाच्या शेंड्या, फुलं, खरकटं. प्रत्येक दारात कचऱ्याची बादली भरून वाहतेय आणि प्रत्येक बाई रात्रभराच्या जागरणानं पेंगुळलेल्या डोळ्यांनी एकाच गोष्टीची वाट पाहतेय, घंटागाडीची. आणि नऊच्या सुमाराला गाडी आली, रोजच्या वेळेला, रोजच्या आवाजात बोलत.

बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या. गाडी थांबली नाही. तोंडाला येईल ते बोलल्या. "सणाच्या दिवशीच याला घाई." "ताईचा आवाज गोड आणि गाडी मात्र पळपुटी." हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी दोन घरांना शब्द नीट ऐकू आले. त्यातल्या विमलबाईंनी पदर खोचून आरडाओरडा केला, दारं बडवली. त्यांच्यामुळे गल्ली निघाली. हे मी स्पष्ट लिहिते. गल्ली निघाली ती विमलबाईंमुळे, माझ्यामुळे नाही.

गल्लीच्या शेवटी, कडुलिंबाच्या झाडापलीकडे, घाटाला लागून एकच घर होतं, नानांचं. नाना मुलाला आणि सुनेला सुरतच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले होते. घरी त्यांच्या पत्नी, जिजाअक्का. विमलबाईंनी गल्लीच्या मध्यावरून पाहिलं, की अक्का बादली घेऊन दारात उभ्या आहेत, गाडी त्यांच्या पुढून गेली, अक्कांनी बादली पायरीवर ठेवली आणि आत गेल्या. विमलबाईंना वाटलं, सामान आवरायला गेल्या. अक्का रात्रभर गात होत्या. त्या आडव्या झाल्या असाव्यात.

सव्वादहाला पाणी आलं. एकवीसच्या एकवीस पायऱ्या गेल्या आणि नदी नानांच्या दारातून आत शिरली. पाणी ओसरल्यावर अक्का घरातच सापडल्या. बादली लिंबाच्या फांदीत अडकलेली होती, माणसाच्या उंचीच्या वर.

अक्कांच्या मृत्यूची नोंद माझ्याच टेबलावर झाली. नाना समोर बसले होते. पूर्ण नाव, वय, ठिकाण. मी विचारत गेले, ते सांगत गेले. त्या दिवशी त्यांनी पायऱ्यांबद्दल काही विचारलं नाही.

मग वरून अहवाल मागवला गेला. तोही मीच लिहिला. "नदीकाठच्या रहिवाशांना ध्वनिक्षेपकाद्वारे वेळेत पूर्वसूचना देण्यात आली होती." यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यापुढचं वाक्य असं होतं, "मयत महिलेने सदर सूचनेकडे दुर्लक्ष केल्याचे स्थानिक रहिवाशांकडून समजते." साहेब म्हणाले, "ताई, एवढं नेमकं कोणी लिहीत नाही." मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, की मला त्या क्षणी बरं वाटलं होतं.

ते वाक्य फायलीत राहिलं नाही. गावात फाईल झिरपते. महिन्याभरात गल्लीत पक्कं झालं, की म्हातारी हट्टी होती, गाडी दारापुढून ओरडत गेली तरी हलली नाही.

भिकनभाऊ मात्र खात नव्हते, पीत नव्हते. एक दिवस कार्यालयाच्या मागं गाडी धुताना म्हणाले, "ताई, अक्का माझ्याकडं बघत होती. बादली पुढं केली तिनं. मी थांबलो नाही. तुम्ही म्हणाल्या होत्या, थांबायचं नाही."

"भाऊ, तुमची चूक नाही. सूचना वाजत होती ना."

"वाजत तर होती. पण तिच्या दारात काय वाजलं, ते ना तुम्ही ऐकलं, ना मी. मी तर भोंग्याच्या मागं बसतो."

तो प्रश्न माझ्या मानेवर बसला. रविवारी दुपारी, गल्लीत सामसूम असताना, आम्ही दोघं तिथं गेलो. त्यांनी तीच गाडी आणली, तेच रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाले, "त्याच वेगानं येतो, तेवढाच गिअर." नाना मुलाकडं सुरतला होते. घराला कुलूप होतं. भिंतीवर गाळाची रेघ, चौकटीच्याही वर. मी बंद दाराला पाठ लावून उभी राहिले.

गाडी गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हा नुसता आवाज येत होता, शब्द नाहीत. लिंबाजवळ आली तेव्हा इंजिनाची घरघर आणि त्यात माझा सूर, रोजच्यासारखाच, गोड, समजुतीचा. दारापुढं आली तेव्हा पहिल्यांदा शब्द लागले. "काळजी घ्यावी व नगरपालिकेस सहकार्य करावे, ही नम्र विनंती." मग जराशी शांतता. मग गाडी वळणावर गेली आणि पाठमोरी ऐकू आली, "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की".

ही विनंती कचऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या शेवटीही होती. तीच, त्याच सुरात. नऊ वर्षं.

आम्ही तीन वेळा करून पाहिलं. गाडी जरा आधी सुटली, जरा नंतर सुटली, की दारात पडणारं वाक्य बदलायचं. कुठल्या दाराला क्युसेकचा आकडा, कुठल्या दाराला कार्यालयाचं नाव. चालत्या गाडीचं हे असं असतं. एका दाराच्या वाट्याला दहा सेकंद येतात, एक वाक्य. आपण पन्नास सेकंदांचं लिहितो आणि समजतो, की सगळ्यांना सगळं सांगितलं. "घर सोडून उंच जागी जावे" हे शब्द माझ्या सूचनेत होते. पस्तिसाव्या सेकंदाला. ते लिंबाच्या झाडाला ऐकू आले.

मी साहेबांकडे टिपण दिलं. ते चांगले गृहस्थ होते, म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की बदलू. झाल्या अहवालाला आता हात लावू नका." मी लावला नाही. धीट असते तर ही गोष्ट इथं वेगळी झाली असती.

बदललं ते एवढं. घंटागाडीवरून माझा आवाज काढायला लावला. रोज कचरा मागणाऱ्या आवाजानं पूर सांगू नये. आता गाडीवर एका नव्या मुलीचा आवाज आहे, आमच्या यांची बादलीची सवय मात्र गेलेली नाही. सूचना तीन वाक्यांची केली. रेकॉर्डिंग बंद, हातात माईक. दर चौथ्या दारी गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि बोलायचं. आणि महादेवाच्या घाटावर बसून धरणाच्या माणसांसोबत जुने आकडे ताडून पाहिले, किती पाण्याला कोणती पायरी. एक दुपार पुरली त्याला. नाना इतकी वर्षं विचारत होते ते काम एका दुपारचं होतं.

पुढच्या पावसाळ्यात, भाद्रपदात, पुन्हा फोन आला. मी स्वतः भिकनभाऊंच्या शेजारी बसले. गल्लीत शिरलो, गाडी बंद केली. सुप्रभात नाही, नागरिक नाहीत. अहिराणीत बोलले, कारण ती गल्ली अहिराणीत जागी होते.

"पानी ई राहिनं. पंधरावी पायरी बुडनार. शाळावर चाला."

मग नावानं. विमलबाई, चला. आप्पा, म्हैस सोडा. शेवटच्या दाराशी आले तेव्हा नाना बाहेरच उभे होते, सदरा घालून, हातात पिशवी. ते सुरतला टिकले नव्हते. म्हणायचे, "तठे करमस नही."

सगळी गल्ली शाळेच्या व्हरांड्यात जमली. तीन तास बसलो. पाणी तेराव्या पायरीला शिवलं आणि मागं फिरलं.

"ताई, तुमच्या पुरापायी चुलीवरची डाळ करपली माझी," विमलबाई म्हणाल्या.

"करपू द्या."

"करपू द्या म्हणे. भांडं घासायला या मग."

लोक हसले, उठले, घरी निघाले. नाना माझ्याजवळ व्हरांड्यात बसून राहिले. मग म्हणाले, "औंदा बेस सांगं तू. बठ्ठा ऊनात."

बठ्ठा ऊनात, म्हणजे सगळे आले.

"मागला सालले बी तू सांगेल व्हतं. पन ती पह्यलेपासून हट्टी. कोनं आयके नही. मी घर ऱ्हातू ते वढी लयतू." मी घरी असतो तर ओढून आणली असती. वर्षभर हा माणूस हेच घेऊन जगत होता. बायको हट्टी होती आणि आपण घरी नव्हतो. आणि यातला पहिला अर्धा भाग माझ्या हातचा होता, कार्यालयाच्या शिक्क्यानिशी.

मी त्यांना सांगितलं. गाडी, भिकनभाऊ, रविवारची दुपार, बंद दाराला लावलेली पाठ. अहवालातलं वाक्यही सांगितलं आणि ते कोणी लिहिलं तेही. नानांनी शेवटी फक्त विचारलं, "मंग तिले काय आयकू ऊनं?"

"काळजी घ्यावी व नगरपालिकेस सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

त्यांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं.

"बादली लिसन बाहेर ऊनी व्हती ना ती?"

"हो."

"मंग तिनी सहकार्य करं," नाना म्हणाले. पिशवी उचलली. व्हरांड्याची पायरी उतरताना वळून म्हणाले, "हाई कोठे तरी लिखी ठेव, ताई. गल्ली तिले नाव ठेवस."

अहवाल बदलता येत नाही, मी विचारून पाहिलं. आता माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणून संपादकांचा निरोप आला, तेव्हा हे लिहायला घेतलं. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी, हे मी शिकले म्हणते आणि पुन्हा ती शेवटालाच ठेवली आहे. खोड. तरी जे अर्ध्यातून वाचायला लागले असतील, त्यांच्यासाठी थांबून सांगते.

खालच्या गल्लीतल्या जिजाअक्कांनी सूचनेकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. त्या दारात येऊन उभ्या होत्या. सूचनाच त्यांच्या दारापर्यंत आली नाही.